ओरिजिनल वापरायचं नसतं

मी खोटे दात करते. बहरीनमध्ये, झिंजमधल्या एका डेंटल लॅबमध्ये माझं टेबल आहे. त्यावर एक दिवा, बारीक ब्रश आणि पोर्सेलीनच्या पुड्या. लोकांचे खरे दात पडतात आणि त्यांच्या जागी माझे बसतात. काम चांगलं झालं की ते कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. तेव्हा नकली वस्तूंबद्दल माझ्या मनात काही आकस आहे असं कुणी समजू नये. निम्मं घर माझं त्यावर चालतं.

नवऱ्याची गोष्ट वेगळी. (समोर मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. लिहिण्याचा एवढा तरी फायदा असावा.) तो तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये काम करतो, म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्या मधे उभा राहून दोघांची बोलणी खातो. पण गावी त्याचा मान मोठा. गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाला ओरिजिनल कुठलं आणि डुप्लिकेट कुठलं ते नुसत्या नजरेने कळतं, असा आमच्या कोकणाचा पक्का समज आहे. आम्ही सुट्टीवर गेलो की लोक घड्याळं, गॉगल, सेंटच्या बाटल्या घेऊन ओटीवर येतात. हा ती वस्तू उजेडात धरतो, नखाने खरवडतो, हुंगतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि निकाल देतो. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या अंगाला ज्या सेंटचा वास येत असतो ती मनामाच्या बाजारातली 'फर्स्ट कॉपी' असते. पण न्यायाधीशाचा वास कोण घेतो?

हा माणूस वीस-बावीस वर्षं सिगरेट ओढत होता. उम्म अल हस्समच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असते. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबायचा आणि खिशातून फोन काढून बघायचा, जणू तिथेच नेमका कुणाचा तरी मेसेज यायचा होता. मुलगी त्याच्यामागे दप्तर घेऊन मुकाट उभी राहायची. तिला कळत होतं, मलाही कळत होतं. माझे सासरे असेच गेले. शेवटी शेवटी ओटीवरून अंगणात उतरायलाही त्यांना धाप लागायची. मला भीती वाटायची. या माणसावर मी कितीही चिडत असले तरी तो मला हवा होता, आणि तो श्वास घेणारा हवा होता.

डॉक्टर म्हणाले, सिगरेट बंद आणि त्याच्या जागी दुसरं काहीही नको. नवऱ्याला वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकू आला. त्याने सिगरेट सोडली आणि वाफ धरली. आधी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, मिळते तसली व्हेपची प्लास्टिकची पेन आणली. खोलीभर कलिंगडाचा वास सुटायचा. मला ते आवडत होतं असं नाही, पण धुरापेक्षा वाफ बरी अशी मी स्वतःची समजूत घातली. वासरात लंगडी गाय शहाणी.

मग मधे पडले भाई. भाई दापोलीकडचे. तुबलीत गॅरेजला लागून त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, आणि नवऱ्याच्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय त्या दुकानाच्या काउंटरवर होतात. भाईंच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूच्या तीन जाती असतात: जेन्युईन, कॉपी आणि 'चालतंय'. ते स्वतः विकतात बहुतेक तिसरी, पण सल्ला नेहमी पहिलीचा देतात. त्यांनी नवऱ्याला समजावलं की ती पेन पोरासोरांची. इंजिनात हात घालणाऱ्या माणसाला मेकॅनिकल मॉडच शोभतो. पितळेची एक नळी, आत बॅटरी, बुडाला बटण, वर रस तापवणारी कॉईल. स्क्रीन नाही, सर्किट नाही. बटण दाबलं की करंट सरळ वर.

नवरा घरी आला तो हरखूनच. यात बिघडण्यासारखं काही नाहीच, असं तो जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होता. मी म्हटलं, म्हणजे थांबवण्यासारखंही काही नाही. त्यावर त्याने मुलीकडे बघून मान हलवली. बायकांना मशीनचं काही कळत नाही, असा त्याचा अर्थ. मी दिवसभर भट्टी आणि मोटर वापरते हे तो अशा वेळी विसरतो.

तरी मी व्हेपच्या दुकानात त्याच्याबरोबर गेले. दुकानदार एक बहरीनी तरुण होता, इंग्रजी-हिंदी मिसळून नम्रपणे बोलणारा. त्याने काचेवर दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक ओरिजिनल, एक कॉपी. नवऱ्याने आपली गावची विद्या काढली: उजेडात धरली, नखाने खरवडली, हुंगली. थोडा वेळ गप्प बसला आणि कॉपीवर बोट ठेवून ही ओरिजिनल म्हणाला. दुकानदाराने, बिचाऱ्याने, हसू दाबलं. मग त्याने ड्रॉवरमधून कॉपीचे आणखी नमुने काढून उलटे केले. प्रत्येकावर सिरीयल नंबर कोरलेला होता आणि सगळ्यांवर एकच. ओरिजिनलचा फोटो कुणीतरी समोर ठेवला असणार आणि त्यातलं जे जे दिसलं ते सगळं इमानाने कोरलं असणार.

पण मला खरी गोष्ट खालच्या भोकांनी सांगितली. ओरिजिनलच्या बुडाजवळ बारीक भोकं होती. दुकानदार म्हणाला, बॅटरी बिघडून गॅस सोडायला लागली तर तो इथून बाहेर पडतो. कॉपीलाही भोकं होती, तेवढीच, त्याच जागी. मी ती दिव्याखाली धरली. ती आरपार नव्हती, वरवर टोचलेली होती. करणाऱ्याला भोकं दिसली होती, ती कशासाठी आहेत ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय ओरिजिनलचं बटण आत बसलेलं आणि फिरवून लॉक होणारं. कॉपीचं जरासं बाहेर आलेलं, लॉक नावाची गोष्टच नाही.

नवऱ्याने कॉपी हातात घेतली, ओरिजिनलची किंमत पाहिली, परत कॉपी हातात घेतली. मी त्याच्या हातातून ती काढून काचेवर ठेवली.

"तोंडाशी न्यायची वस्तू आहे," मी म्हटलं. "ओरिजिनलच घ्या."

लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्याने माझ्याकडे जसं पाहिलं होतं, तसं त्याने पाहिलं. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण सासूबाईंना वाचता येतं.

पहिल्या दिवशी त्या नळीचे फोटो निघाले. टेबलावर, खिडकीत, आमच्या मनीप्लँटच्या पानावर. ते गावच्या ग्रुपवर गेले. भारतात ही वस्तू नेता येत नाही, बंदी आहे, म्हणून गावाने फोटोवरच समाधान मानलं आणि ओरिजिनल ती ओरिजिनल असा अभिप्राय दिला. मग रोज संध्याकाळी नवरा बाल्कनीत उभा राहून वाफ सोडायला लागला. शर्टांचा सिगरेटचा वास गेला. मला वाटलं, चला, पैसा कारणी लागला.

हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या म्हणून मी हॉलमधलं शोकेस पुसायला घेतलं. आमच्याकडे कुठल्याही वस्तूचा खोका टाकत नाहीत. फोनचे, मिक्सरचे, मुलीच्या पहिल्या बुटांचे, सगळे खोके आहेत. त्या नळीचा खोकाही शोकेसमध्ये, लग्नातल्या डिनर सेटच्या मागे होता. पुसायला उचलला तर जड लागला. उघडला. आत मखमलीत नळी झोपलेली, तिच्यावर बोटाचा एक ठसासुद्धा नव्हता. मी वळून बाल्कनीकडे पाहिलं. नळी शोकेसमध्ये होती आणि वाफ बाल्कनीत होती.

मी खोका तसाच हातात घेऊन बाहेर गेले. नवऱ्याच्या हातात दुसरी नळी होती, तोच सिरीयल नंबर मिरवणारी. ओरिजिनल घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो एकटा जाऊन कॉपी घेऊन आला होता. मला वाटलं निदान ओशाळेल. पण तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारते आहे.

"अगं, ओरिजिनल वापरून खराब करायचं का?"

मी मागे हॉलमध्ये नजर टाकली. तिथे सोफा होता, आणल्यापासून प्लास्टिकच्या कव्हरात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. शोकेसमध्ये तो डिनर सेट होता, ज्यात आजवर कुणी वरणसुद्धा वाढून घेतलं नव्हतं, कारण मीच वाढू दिलं नव्हतं. चांगलं ते ठेवणीतलं, फुटकंतुटकं ते रोजचं, हे आम्हा दोघांना जन्मापासून कुणी न शिकवता येतं. तरी मी भांडले. प्लेट फुटली तर तुकडे भरता येतात, हे तोंडाशी फुटलं तर काय भरायचं, असं विचारलं. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, दॅट मेक्स झीरो सेन्स." तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र ती तिच्या शाळेच्या भाषेत देते.

शेवटी तह झाला. दसऱ्याला नवी वस्तू काढायची असते, तर दसऱ्यापासून ओरिजिनल वापरायची. नवऱ्याने मान्य केलं. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून त्याने ती नळी खरोखरच खोक्यातून काढली, पाटावर माझ्या ब्रशांच्या आणि त्याच्या पान्यांच्या शेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. मग चष्म्याच्या फडक्याने हळदकुंकू पुसलं आणि नळी परत शोकेसमध्ये ठेवली. या वेळी खोक्याबाहेर, दिसेल अशी. एवढा बदल झाला म्हणायचा.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी भाई आणि भाभी जेवायला आले. नमाज आटोपून आले, भरपेट जेवले, आणि भाईंनी ती प्रसिद्ध वस्तू बघायला मागितली. नवरा तेव्हा सोफ्यावर कॉपी हातात घेऊन बसला होता. ओरिजिनलला दोन्ही हात लावायचे म्हणून त्याने कॉपी बाजूला ठेवली. आणि शोकेसमधली नळी उभी असते, म्हणून त्याने हीही उभीच ठेवली, सोफ्याच्या हातावर, प्लास्टिकच्या कव्हरवर, आपल्याच बुडावर.

बटण बुडाला होतं हे मी आधी सांगितलंच आहे. ते बाहेर आलेलं होतं आणि त्याला लॉक नव्हतं. नळी स्वतःच्या वजनाने स्वतःचं बटण दाबून उभी राहिली. तिकडे सगळ्यांचं लक्ष ओरिजिनलवर होतं. भाई तिचे आटे फिरवून बघत होते आणि रेशीम आहे, रेशीम, असं म्हणत होते. जळक्या प्लास्टिकचा वास पहिल्यांदा भाभींना आला. त्यांनी मला विचारलं, गॅसवर काही राहिलंय का. मी उठले. तेवढ्यात नवऱ्याने कव्हर वितळताना पाहिलं आणि नळी उचलली, उजव्या हाताने, मुठीत.

तो ओरडला आणि नळी फरशीवर पडली. आधी कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, मग पांढरा धूर, मग फट्ट. नळीचं वरचं तोंड, जे आपण ओठात धरतो ते, सुटून छताला लागलं आणि भाभींच्या पायाशी येऊन पडलं. गॅसला बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. मुलगी दारात उभी राहून रडत होती. मी नवऱ्याचा हात धरून मोरीत नेला आणि नळाखाली धरला. तळहाताची कातडी पांढरी पडली होती. तो सारखा म्हणत होता, काही नाही, काही नाही.

हॉस्पिटलला निघण्याआधी मी तो उडालेला तुकडा फडक्याने उचलला. माझी नजर कामाची आहे, सवयीने तिने माप घेतलं. वरच्या पुढच्या दातांएवढी रुंदी. तोंडात असताना हे झालं असतं तर सोमवारी माझ्या टेबलावर माझ्याच नवऱ्याच्या जबड्याचा ठसा आला असता, आणि मी त्याला दात करून दिले असते, रंग जुळवून, कुणाला कळणार नाहीत असे. ते मनात आलं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि भाभींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

भाई गाडी चालवत होते. 

"वहिनी, अल्लानं वाचवला," ते म्हणाले. "पण कॉपीसुद्धा बगून घ्यायची असती. ही कॉपी चांगली नव्हती."

काही माणसांना बोलून उपयोग नसतो.

हात बरा व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी रोज सिगरेटची वाट पाहत होते. पेन त्याने केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली होती, कॉपी कचऱ्यात गेली होती, आणि माणसाला तलफ तर येणारच. चिडचीड इतकी की वरणात मीठ जास्त, पंख्याचा आवाज जास्त, मुलीची नखं जास्त. बडीशेप चघळून चघळून त्याने घरातली बरणी संपवली. मी कपडे धुवायला टाकण्याआधी शर्ट हुंगायचे. माझ्याच घरात मी पोलिसाची कुत्री झाले होते.

पट्टी निघाली तेव्हा मी स्वतः शोकेस उघडलं. नवी बॅटरी आणून ठेवली होती. ओरिजिनल काढून, बॅटरी घालून, त्याच्या हातात दिली. वापरायचंच असेल तर हे वापरा, निदान हे फुटणार नाही, म्हटलं. त्याने ती हातात घेतली. नव्या गुलाबी कातडीवर ती पितळी नळी बराच वेळ धरून बसला. अंगठा बटणावर नेला. मग माझ्या बोटांचे ठसे त्याला दिसले. त्याने फडकं मागितलं, ठसे पुसले, बॅटरी काढून माझ्या हातात दिली आणि नळी जागेवर ठेवली.

"राहू दे. चांगल्या दिवशी काढू."

असे पुष्कळ चांगले दिवस आले. संक्रांत आली, त्याचा वाढदिवस आला, पाडवा आला. दर वेळी नळी खाली उतरायची, पुसली जायची आणि परत वर जायची. शेवटी न राहवून मी विचारलं, गॅरेजमध्ये सगळे ओढतात, मग एखादी सिगरेट तरी ओढता की नाही, खरं सांगा. त्याने माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. घरात ओरिजिनल असताना सिगरेट कोण ओढतं, म्हणाला. टाकीत पेट्रोल असताना गाडी ढकलत नेण्यासारखं आहे ते, असंही म्हणाला. मी त्याला हात जोडले होते, अबोला धरला होता, मुलीची शपथ घातली होती, उपास केले होते. त्यातल्या कशाने सुटलं नाही ते व्यसन या नळीमुळे सुटलं. वापरायला जीव होत नाही, आणि हिच्याहून हलकं काही तोंडाला लावायला अभिमान आड येतो. मधल्या मधे तलफ बिचारी मेली.

डॉक्टरांनी त्याला नळीत फुंकायला लावलं, त्यांच्या नळीत, आणि आकडा बघून खूश झाले. कसं सुटलं, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, विलपॉवर. मी छताकडे पाहिलं.

तेव्हापासून त्या नळीची राखण मीच करते. राक्षसाचा जीव पोपटात असतो, माझ्या नवऱ्याचा त्या पितळेत आहे. आठवड्याला मी ती चिंचेने उजळते. कुणी पाहुणा एक झुरका मारून बघू का म्हणाला की मी हसत हसत चहा पुढे करते आणि शोकेसला किल्ली लावते. चांगल्या वस्तू वापरायच्या असतात, असा हल्ली एक विचार निघाला आहे. मुलीला तो शाळेत कुणीतरी शिकवला आणि ती तो घरात पसरवते. रिमोटची पिशवी तिने फाडली. सोफ्याचं उरलेलं कव्हर काढलं. मी ते चालवून घेतलं. परवा ती शोकेससमोर उभी राहिली आणि माझा हात किल्लीकडे गेला.

"बाबा, तुम्ही हे कधी यूझ करणार? व्हॉट आर यू सेव्हिंग इट फॉर?"

नवरा जिना चढून आला होता, लिफ्ट बंदच होती. त्याने बूट काढले, सरळ उभा राहिला आणि तिच्याकडे बघून हसला. धाप लागलेली नव्हती.

"तुझ्या लग्नात काढू," तो म्हणाला.

मुलींची लग्नं लवकर जमावीत म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी माझ्या मुलीला सांगितलं आहे, खूप शिक, डॉक्टरेट कर, घाई करू नकोस. तुझ्या लग्नात बाबांनी उभं राहायला हवं. मांडवात सगळ्यांसमोर, सरळ, पुरा श्वास घेऊन. त्यानंतर त्यांना काय ओढायचं ते ओढू देत, असं मी तोंडाने म्हणते. मनात मी नळी काढायची तारीख नातवंडाच्या मुंजीपर्यंत पुढे ढकलून ठेवली आहे.